काळं लागेल तिथंच

मराठीत सुताराच्या पटाशीला हत्यार म्हणतात आणि शिपायाच्या तलवारीलाही हत्यारच म्हणतात. खंडेनवमीला दोघं एकाच पाटावर बसतात आणि एकाच माळेतली झेंडूची फुलं वाटून घेतात. हा आपल्या भाषेचा आळस की शहाणपण, याचा विचार करायची पाळी माझ्यावर साठी उलटेपर्यंत आली नव्हती. ती आली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला, भाच्याच्या तळघरात.

भाचा दिवसभर संगणकापुढे बसतो. त्यामुळे रात्री त्याला हातांनी काहीतरी करावंसं वाटतं. तिकडे हातांनी करायच्या गोष्टीसुद्धा खोक्यातून घरपोच येतात. आठ महिन्यांपूर्वी त्याने ठासणीच्या बंदुकीचं खोकं मागवलं होतं. मेपलच्या लाकडाचा ओबडधोबड दस्ता, बेचाळीस इंची नळी, चकमकीचा घोडा, चाप, पितळेचे तुकडे आणि मूठभर स्क्रू. आता हे जुळवा आणि बंदूक करा! मी घाबरून विचारलं, "अरे, परवाना?" तेव्हा कळलं, की १९६८च्या त्यांच्या केंद्रीय कायद्याच्या लेखी अशी जुन्या पद्धतीची बंदूक ही बंदूकच नव्हे. राज्याराज्यांचे नियम निराळे, पण दिल्लीच्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या, दृष्टीने ती जवळजवळ शोभेची वस्तू. आपल्याकडे कोकणात रानडुकरं हाकायला ठेवलेल्या ठासणीच्या बंदुकीलासुद्धा परवाना लागतो, हे ऐकून त्यालाच नवल वाटलं.

खोकं मात्र बंदच होतं. भिंत भरली होती. अकरा पटाश्या, सात प्रकारच्या कानशी, तीन रंधे, आणि दंतवैद्याकडून पळवून आणल्यासारखी दिसणारी काही हत्यारं. त्यातल्या नऊ पटाश्यांनी अजून लाकूड पाहिलेलं नव्हतं.

"मामा, अजून एक बारीक वाकडी पटाशी आली की सुरुवात करणार."

"याआधीही एक येणार होती ना?"

"ती सरळ होती."

मी हसलो, तशी आमची सौभाग्यवती म्हणाली, "हसताय काय? तुमच्या मामांनी पेन्शनीत निघाल्यावर आत्मचरित्र लिहायला चार फाउंटनपेनं घेतली. चारातली शाई वाळली. चरित्र अजून जन्मापाशीच आहे."

तेव्हापासून मी हसणं बंद केलं. प्रश्न पटाशीचा नव्हताच. माणूस हत्यार का विकत घेतो? काम करायला, असं आपण दुकानदाराला सांगतो. खरं म्हणजे काम पुढे ढकलण्याचा हा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग आहे. नुसतं लोळत पडलं तर लोक आळशी म्हणतात. अकरा पटाश्या घेऊन लोळलं तर छंद म्हणतात.

मग आम्ही दोघांनी बसून यादी केली. त्याने वाचलं होतं भरपूर, फक्त वाचलेलं कमी करायला कोणीतरी हवं होतं. नवशिक्याला खरोखर काय लागतं? दस्ता घट्ट धरायला एक व्हाइस, जबड्याला चामडं लावलेला. पाव इंची आणि अष्टमांश इंची अशा दोन पटाश्या. त्यांना धार लावायचा दगड, कारण बोथट पटाशी लाकूड कापत नाही, फाडते. लाकडाची एक खरबरीत कानस, एक अर्धगोल कानस, एक उंदराच्या शेपटीसारखी गोल. लहान हातोडी. हाताने फिरवायचं ड्रिल. स्क्रूचे आटे पाडायला सहा-बत्तीस आणि आठ-बत्तीस असे दोन टॅप, आणि त्यांच्या मापाची छत्तीस आणि एकोणतीस नंबरची ड्रिलं. बाकी पॉलिशकागद आणि जवसाचं तेल. संपलं. आमच्या गावच्या सुताराची पिशवीसुद्धा याहून जड होती, आणि त्याने त्यात अर्ध्या गावाची दारं-खिडक्या केल्या.

यादी पाहून भाच्याचा चेहरा पडला. म्हणाला, "पण मामा, असं खोक्यातलं जुळवून 'मी केली' म्हणायचं का?" हा प्रश्न मात्र मोलाचा. विल्यम्सबर्गच्या बंदूककारावर १९६९चा एक माहितीपट आहे. त्यात वॉलेस गस्लर नावाचा कारागीर लोखंडाची पट्टी तापवून, ठोकून नळी करतो आणि पुढे अख्खी बंदूक हाताने उभी करतो. तो पाहिल्यापासून भाच्याला आपलं खोकं म्हणजे तयार पिठाचे गुलाबजाम वाटायला लागले होते. पण खुद्द लँकेस्टरचीच गंमत बघा. अठराव्या शतकात इथल्या जर्मन वंशाच्या कारागिरांनी ती नामांकित लांब नळीची रायफल घडवली. त्यातले पुष्कळजण चकमकीचा घोडा इंग्लंडहून आलेला, तयार, विकत घेत. म्हणजे थोडंसं खोकं त्यांच्याकडेही यायचंच! खाणीतून लोखंड आपणच काढलं, असं म्हणणारा कारागीर कुठेच नसतो. आमची आई पुरणपोळी स्वतः करायची, पण हरभरे काही तिने पेरले नव्हते. 'मी केलं' हे कुठून सुरुवात केली यावर ठरत नसावं. जिथे चुकलं तर दोष दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही, तिथून पुढचं आपलं.

आणि ती जागा खोक्यात होतीच. घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसतो, ती पट्टी लाकडात बरोबर रुतून बसावी लागते. कोरीव खाच तयार आलेली असते, पण किंचित अपुरी. जास्त कोरलं तर फट पडते, आणि कोरलेलं लाकूड परत येत नाही. भाचा आठ महिने थांबला होता तो याच खाचेपाशी.

त्याची रीत अशी. पट्टीला काळं फासायचं, खाचेत दाबायची, काढायची. लाकडाला जिथे काळं लागलं, तिथेच अडतंय. तेवढंच, नखभर, खरवडायचं. पुन्हा काळं, पुन्हा दाबा. शंभरदा. अंदाजाने एकदाही कापायचं नाही. पूर्वी यासाठी तेलात कालवलेली काजळी वापरत. भाच्याकडे अकरा पटाश्या होत्या, काजळी नव्हती. सौभाग्यवतीने पर्समधून काजळाची डबी काढून पुढे ठेवली. "घ्या. काजळीच आहे, तुपातली."

पहिलं काळं फासताना भाच्याचा हात थांबला. "मामा, आजोबांची बंदूक तुम्हाला आठवते?"

न आठवायला काय झालं? आमच्या नानांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. एका रात्री भात तयार असताना शेतात खुसफुस ऐकून त्यांनी अंधारात बार काढला. डुक्कर नव्हतं. शेजाऱ्याचं रेडकू होतं. नानांनी पैसे दिले, शेजाऱ्याने ते मुकाट्याने घेतले, आणि त्याच्या घरचा गणपतीतला मोदक आमच्याकडे यायचा तो त्या वर्षी आला नाही. त्यानंतर नानांनी बंदुकीत गोळी कधी घातली नाही. नुसती दारू ठासून आवाज काढायचे. मी लहान होतो. मला म्हणाले होते, "ही बंदूक गरीब आहे रे. एक बार झाला की पुन्हा भरेपर्यंत विचार करायला वेळ देते. पण तो वेळ बाराच्या आधी घ्यायचा असतो."

हे मी भाच्याला सांगितलं. त्याला ते ठाऊक नव्हतं. बहिणीने मुलांना रेडकाची गोष्ट कधी सांगितली नसावी.

तो बराच वेळ त्या पट्टीकडे बघत बसला. आमच्या भाषेने पटाशीला आणि बंदुकीला एकच नाव का दिलं, ते मला तेव्हा थोडंसं समजलं. दोन्हींनी केलेलं परत घेता येत नाही. फरक इतकाच, की पटाशीला आधी काळं लावून बघता येतं. नानांना ते अंधारात लावता आलं नाही. निदान कंदील नेता आला असता, असं ते शेवटपर्यंत म्हणत.

"मामा, ही झाल्यावर मी कागदावरच नेम धरणार."

"आधी होऊ दे."

रात्री अकराला पट्टी बसली. फट नाही. वापरल्या दोन पटाश्या, दोन्ही जुन्या. उरलेल्या नऊ भिंतीवरून बघत होत्या. मी उत्साहाने वर येऊन फाउंटनपेन धुवायला घेतलं.

"चारही धुऊ नका," सौभाग्यवती म्हणाली. "एक पुरे. आणि माझी डबी परत आणा."