ती पत्रे आपल्याला लिहिलेली नव्हती

घरातील वडीलधारी माणसे देवाघरी गेल्यावर पेटी-कपाट आवरताना कधी कधी जुन्या पत्रांचे पुडके हाती लागते. त्यात लग्न ठरल्यानंतरची पत्रे असतात, बोटीवरून किंवा आखातातून धाडलेली असतात. ती वाचावीत की न वाचता जाळावीत? ती आपल्याला लिहिलेली नव्हती, हे खरे. पण जाळली, तर आईवडिलांचे अंतःकरण आपल्याला कळणार तरी कसे?

अशा वेळी आपल्याला बाळ येशूच्या संत तेरेजाचे आईवडील आठवतात. फ्रान्समधील आलाँसों गावात लुई मार्टिन घड्याळजी होते, तर झेली यांचा लेसचा व्यवसाय होता. ओळखीनंतर अवघ्या काही महिन्यांत, १३ जुलै १८५८ रोजी त्यांचा विवाह झाला. झेली यांची २०० हून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. बहुतेक पत्रे भावाला, भावजयीला आणि शिकायला दूर ठेवलेल्या लेकींना लिहिलेली आहेत. त्यांत धंद्यातली दगदग आहे, हट्टी लेओनीची काळजी आहे, नऊ लेकरांपैकी चार लहानपणीच गेल्याचे दुःख आहे. १८७३ साली मुलींसह भावाकडे गेलेल्या झेली नवऱ्याला कळवतात की, आपले मन दिवसभर त्यांच्यामागेच असते आणि या घडीला ते काय करीत असतील, याचाच विचार चालतो. लग्नाला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती!

ही पत्रे जगाला दाखवण्यासाठी लिहिलेली नव्हती. म्हणूनच त्यांची साक्ष खरी वाटते. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी या पतिपत्नींना एकत्र संतपद बहाल केले.

मग वाचायचे कसे? उत्पत्तीच्या पुस्तकात द्राक्षारसाने धुंद होऊन उघडा पडलेला नोहा आपल्याला भेटतो. हामने बापाला तशा स्थितीत पाहिले आणि बाहेर जाऊन सांगितले. शेम व याफेथ मात्र पाठमोरे चालत गेले आणि त्यांनी बापाला पांघरूण घातले. जुनी पत्रे उघडताना आपण यांपैकी कोणाच्या बाजूला असतो? आईने गिळलेले अश्रू, बाबांनी फेडलेले कर्ज, दोघांतला रुसवा हे वाचून आपण त्यांना अधिक समजून घेतले, तर चौथी आज्ञा पाळली जाते. पण त्याच ओळी भावाभावांच्या वाटणीत पुरावा म्हणून काढल्या किंवा नातेवाइकांत चघळल्या, तर तो त्यांचा अपमानच होय. जे केवळ त्या दोघांचे होते, ते घडी घालून पुन्हा जागेवर ठेवावे. त्यांच्यासाठी एक जपमाळ म्हणावी.

आणि आपले काय? आपल्या मोबाईलवर नवराबायकोचे निरोप बहुधा दूध, गॅस आणि फी यांपुरतेच असतात. तीही प्रीतीच आहे, परंतु ती शब्दांत सांगायची राहून जाते. या आठवड्यात आपण आपल्या माणसाला चार ओळी स्वहस्ते लिहू या.

संत लुई व संत झेली, आमच्या कुटुंबांसाठी विनंती करा.