उसनी जागा

सिल्वासात सुताचे कारखाने पुष्कळ. त्यांतल्या एकात धागा तुटल्याच्या नोंदी ठेवणारे यंत्र संगणकाला जोडले आहे. तो संगणक दर पंधरवड्याला थिजत असे. “बंद करून चालू केलं की बरं होतं, साहेब,” ऑपरेटर म्हणाला. मी मात्र दोष शोधायला बसलो.

यंत्र आणि संगणक यांच्यामधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. आपल्या दुभाषी मुलखात त्याचे काम वेगळे सांगायला नको. प्रत्येक नोंदीसाठी तो स्मृतीतली जागा उसनी घेतो आणि काम झाले की परत करतो. साधा प्रोग्रॅम परतफेड विसरला, तरी तो संपताच लिनक्स प्रणाली त्याची सगळी जागा वसूल करते. ड्रायव्हर मात्र प्रणालीच्या गाभ्यातच बसतो. त्याने घेतलेले मागायला कोणी येत नाही.

दोष सापडला. नोंद पुरी झाली की जागा परत होई. ती अर्धवट राहिली, तर ड्रायव्हर तसाच माघारी फिरे. दर खेपेला ४ किलोबाइट. अशा २,६२,१४४ खेपा झाल्या की १ गिगाबाइट बुडाले! घाईत मी परतफेडीची ओळ दोन ठिकाणी घातली आणि यंत्रणाच कोसळली. एकदा परत केलेली जागा एव्हाना दुसऱ्याला मिळालेली असू शकते. तीच पुन्हा परत करणे म्हणजे परक्याचे देऊन टाकणे. घेतले कोणी आणि फेडायचे कोणी, हे आधी ठरवावे लागते.

मूळ लिहिणाऱ्याची नियत वाईट नव्हती. यशाच्या वाटेवर त्याने परतफेड लिहिलीच होती. काम साधले की आपण सारेच प्रामाणिक असतो. बेत फसला की मात्र घेतलेले विसरतो; जणू अपयशाने कर्जही माफ होते. माणसाची कसोटी त्या दुसऱ्या वाटेवर लागते, असे मला वाटते.

आणि बंद करून चालू करणे? आपले गुजराती शेजारी दिवाळीत चोपडापूजन करतात; पण नव्या वहीत जुनी बाकी ओढतात, ती पुसत नाहीत.

हे लिहिताना मला माझी बाकी आठवली. पूर्वी मी दुकान काढले होते, तेव्हा शेजारच्या मोटाभाईंनी न लिहिता पैसे दिले. दुकान बुडाले. त्यांनी कधी मागितले नाहीत, आणि मीही तो विषय काढला नाही. त्यांच्या न मागण्यालाच मी माफी समजून बसलो.

या पाडव्याला मी त्यांच्याकडे जाणार आहे. फराळाचे ताट घेऊन, आणि पाकीटही.