पुसायचं की फेडायचं?

डेटाबेस सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. माहिती बिघडली की या धंद्यात एक प्रश्न हमखास पडतो: मागे जायचं की पुढे? बॅकवर्ड रिकव्हरीत आहे तोच डेटाबेस घेऊन, लॉगमध्ये जपलेल्या आधीच्या नोंदी वापरून, झालेले बदल शेवटाकडून एकेक करत उलटवायचे. फॉरवर्ड रिकव्हरीत जुना बॅकअप घ्यायचा आणि त्यावर लॉगमधले बदल क्रमाने पुन्हा चढवायचे. डिस्कच गेली तर उलटवायला हाती काही उरत नाही. पुढेच यावं लागतं. डिस्क शाबूत आहे, पण एखाद्या प्रोग्रॅमने चुकीच्या नोंदी केल्या, तर मागे जाणं बहुधा लवकर आटपतं. पाठ्यपुस्तक साधारण इथे थांबतं. नैतिक प्रश्न मात्र इथे सुरू होतो, असं मला वाटतं.

समजा, एका बँकेत सकाळी १० वाजता काही खात्यांवर चुकीचं व्याज जमा झालं आणि ते १२ वाजता लक्षात आलं. सगळा डेटाबेस १० वाजताच्या स्थितीला नेला की चूक जाईल. पण त्या २ तासांत कुणी मुलीची फी भरली, कुणी घरभाडं दिलं. त्यांच्या हातात पावती आहे. 'कमिट' झालेला व्यवहार म्हणजे यंत्राने माणसाला दिलेला शब्द. थोड्या खोट्या नोंदींसाठी इतक्या खऱ्या नोंदी पुसण्याचा हक्क मला कुणी दिला?

अशा नोंदी गेल्या की काय होतं, हे गिटलॅबच्या बाबतीत जगाने पाहिलं. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथे चालू डेटाबेसमधली माहिती चुकून पुसली गेली. हाताशी होती ती सुमारे ६ तास जुनी प्रत. मधले बदल तिच्यावर चढवता आले नाहीत. त्या वेळात लोकांनी लिहिलेल्या टिप्पण्या आणि उघडलेली नवी खाती गेली.

१९९२ साली सी. मोहन आणि आयबीएममधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एरीज' ही पद्धत मांडली. डेटाबेस कोसळून पुन्हा उभा राहताना ती लॉगमधला इतिहास आधी जसा घडला तसाच पुन्हा घडवते, अर्धवट राहिलेल्या व्यवहारांसकट. मग ते अर्धवट व्यवहार उलटवते, आणि प्रत्येक उलटवणं लॉगमध्ये नवी नोंद म्हणून लिहिते. डेटा मागे जातो, लॉग पुढेच जातो. हिशेबनीसही चुकलेली नोंद खोडत नाही. उलट नोंद घालतो.

म्हणून मी स्वतःला आधी वेगळाच प्रश्न विचारतो: ही नोंद कुणी पाहिली का? तिच्यावर विसंबून कुणी काही केलं का? नसेल, तर खुशाल मागे जावं. त्यात कुणाचा विश्वासघात नाही. केलं असेल, तर पुढे जाऊन भरपाईची नोंद घालावी.

हा मार्ग स्वस्त नाही, हे मान्य. खाती एकेक करून तपासावी लागतात, आणि तोवर चुकीचे आकडे समोर दिसत राहतात. ज्याने ते व्याज आपलंच समजून खर्च केलं, त्याच्याकडून ते परत मागणंही सुखाचं नाही. पण वजावट कारणासह त्याच्या खात्यावर दिसावी, त्याला आधी कळवावं, फेडायला मुदत द्यावी. चूक बँकेची असेल, तर लागणारा वेळ आणि खर्च बँकेनेच सोसावा. डेटाबेस मागे नेला, तर हाच खर्च ज्यांच्याकडून काहीच चुकलं नाही, त्या फी भरणाऱ्यांच्या माथी बसतो.