सरावाची पोरं

सुतार हात बसवायला टाकाऊ लाकूड घेतो. डॉक्टर होणारी पोरं आधी मेलेल्या देहावर शिकतात. मास्तर होणाऱ्याला मात्र जिवंत पोरंच लागतात, आणि ती कुणाची, हे कुणी विचारत नाही. आमचे बी.एड.चे सराव पाठ झाले ते कॉलेजपासून पाच किलोमीटरवरच्या एका खेड्यातल्या शाळेत. तिथले आईबाप ‘आमच्या पोराचा तास का मोडला?’ म्हणून भांडायला येत नसत.

त्या वेळी बी.एड. एका वर्षाचं होतं. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. आधी सूक्ष्मपाठ. फलकलेखन, प्रश्न विचारणं असं एकेक कौशल्य घेऊन पाच-सहा मिनिटं आपल्याच सोबत्यांपुढं शिकवायचं. मिशा फुटलेले बाप्ये सहावीतली पोरं होऊन ‘सर, मी सांगू?’ म्हणायचे. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं, करमणूकच होती. खरी गोष्ट पुढं शाळेत. पाठाचं टाचण काढायचं: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. प्रस्तावनेत असे प्रश्न विचारायचे, की आजच्या धड्याचं नाव पोरांच्याच तोंडून आलं पाहिजे. ते आलं नाही, की मागच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या मार्गदर्शकांपुढं पाठ तिथंच अडकायचा.

म्हणून आमच्या गटातल्या एकानं आदल्या दिवशीच वर्गाला उत्तरं सांगून ठेवली. ‘येत असलं तर उजवा हात, नसलं तर डावा, पण हात सगळ्यांनी वर करायचा.’ आणि एक पोरगं होतं, बोलताना अडखळणारं. त्याला पाठाच्या वेळी झाडांना पाणी घालायला पाठवलं. पाठ झकास झाला. ते पोरगं खिडकीबाहेर बादली घेऊन उभं राहून आत बघत होतं.

रात्री खोलीवर स्टोव्हवर भात शिजत होता. मी विषय काढला, तर तो उसळला. “तुला बोलाय काय जातंय? दादांनी बैलजोडी इकून फी भरलीया. मार्क पडलं न्हाईत तर कुठल्या तोंडानं घरी जाऊ?”

त्याचं खोटं नव्हतं. शेतकऱ्याच्या घरातून जोडी जाते म्हणजे काय, हे मला सांगायला नको होतं. पुढं नोकरी लागली तरी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची. (प्राथमिकचं हे मानधन सहा हजारांवरून सोळा हजारांवर गेलं ते २०२३ साली.) पण बाप त्या पोरालाही होता. माझ्या सोबत्यावर दादांचं देणं होतं, हे कबूल. त्यातलं थोडं त्यानं दुसऱ्याच्या पोराच्या तासातून फेडलं.

गटातल्या एका बाईंनी त्याची बाजू घेतली. उद्या हा हजार पोरांना शिकवील, एका पोराचा एक तास गेला तर काय बिघडलं? हिशोब वरवर बरोबर वाटतो. पण त्या दिवशी त्यानं सराव कशाचा केला? शिकवण्याचा नव्हेच. ज्याला येत नाही त्याला नजरेआड कसं करायचं, याचा. हात त्याच कामात बसला तर हजार पोरांचं काय होणार? आणि वर्गातली बाकीची चाळीस पोरंही काहीतरी शिकलीच की. न येताही हात कसा वर करायचा, ते.

पोरांवर शिकणं हेच पाप, असं मी म्हणत नाही. दुसरा रस्ताच नाही. नवख्याचा पाठ फसतो, खडू मोडतो, फळ्यावरची ओळ उतरती जाते. पोरं हसतात आणि माफ करतात. त्यांच्याकडून एवढं घेताना त्यांना न येण्याची मुभा तरी द्यावी, एवढंच माझं म्हणणं. दोष एकट्या त्याचाही नव्हे. मार्गदर्शकांच्या तक्त्यात ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद’ असा रकाना होता, आणि तो हात मोजून भरला जाई. बादलीवाल्या पोरासाठी रकाना नव्हता.

शाळेतल्या जुन्या बाई आमच्याशी फारसं बोलत नसत. आम्हाला वाटायचं, शिष्ट आहेत. शेवटच्या दिवशी त्यांची वही टेबलावर उघडी होती. आम्ही घेतलेला एकेक धडा तारीखवार लिहिलेला, आणि प्रत्येकापुढं एकच शब्द: ‘पुन्हा’.