जबानीतले पूर्वज

वॉकर या इंग्रजी आडनावाचा पायांशी संबंध आहे, पण फिरायला जाण्याशी नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये विणलेलं लोकरी कापड घट्ट व्हावं म्हणून हौदात टाकून पायांनी तुडवत. हौदात बऱ्याचदा शिळं मूत्र असे. हे काम करणाऱ्याला उत्तरेत वॉकर म्हणत, आग्नेयेला फुलर आणि नैऋत्येला टकर. म्हणजे नुसत्या आडनावावरून एखाद्याचा मूळपुरुष काय करायचा आणि साधारण कुठल्या भागातला होता, याचा अंदाज येतो. शोधणाऱ्याला चटक लागते ती इथेच.

पुढचा प्रवास कागदांचा. 1538 मध्ये थॉमस क्रॉमवेलनं प्रत्येक पॅरिशला, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवायला लावली. त्या वहीत सामान्य माणूस एक-दोन ओळींत संपतो. त्याच्याबद्दल पानभर मजकूर सापडला, तर बहुतेकदा कोणीतरी त्याला प्रश्न विचारत होतं असं समजावं. 1662 च्या सेटलमेंट कायद्यानंतर परक्या गावात मदत मागावी लागेल असा गरीब माणूस दिसला, की चौकशी व्हायची: जन्म कुठला, वर्षभर चाकरी कुठे केली? गावावर भार नको, म्हणून त्याला परत पाठवायची ती तयारी असे. आज वंशावळ शोधणाऱ्यांना ही जबानी म्हणजे खजिना वाटतो.

सगळ्यात अवघड कागद अविवाहित आईचे. मुलाला पोसायचा खर्च पॅरिशवर पडू नये म्हणून बापाचं नाव हवं असे. ते काढून घ्यायचं काम अनेकदा सुईणीवर सोपवलेलं. ऐन कळांमध्ये विचारायचं, नाव सांगेपर्यंत हात लावणार नाही अशी धमकीही द्यायची. तिनं दिलेलं नाव नोंदलं गेलं, आणि दोन-अडीचशे वर्षांनी कोणीतरी ते स्क्रीनवर पाहून आनंदानं ओरडतं: सापडला!

हा आनंद मला खटकतो. ते पान मिटून टाकावं असं मात्र वाटत नाही. मृत बाईची अब्रू जपायची म्हणून आपण नजर वळवली, तर त्या पुरुषाची सुटका होते आणि तीही नाहीशी होते, कारण कदाचित ती फक्त याच पानावर आहे. पण हे पान जन्मदाखल्यासारखं वाचता येत नाही. दबावाखाली घेतलेला जबाब आहे तो. ऐपत असलेल्याचं नाव घेतलं तर खर्च निघेल, हे तिला कळत असणार. खऱ्या माणसाला वाचवायचंही असेल. आपल्या वंशवृक्षात मात्र ‘वडील’ या चौकटीत नाव ऐटीत बसतं, आणि ते कसं मिळवलं हे कोणी न उघडणाऱ्या टिपेत जातं. माझं मत असं, की ही चौकशी झाडावर नावाइतकीच ठळक दिसली पाहिजे, आणि खात्री नसेल तर चौकट रिकामी ठेवावी.

आडनावाचा धागाही वाटतो तितका सरळ नाही. ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी 2000 साली स्वतःचंच आडनाव असलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं. (साइक्स म्हणजे ओहोळाकाठचा. आपल्याकडच्या ‘कर’ आडनावांसारखंच, जागेवरून पडलेलं.) जवळपास निम्म्यांचं गुणसूत्र एकाच मूळपुरुषाकडे जात होतं. उरलेल्यांच्या घराण्यात कुठेतरी दत्तक मूल असेल, आईचं आडनाव लावलेलं मूल असेल, किंवा घरात कधीच न बोललं गेलेलं काही. आणि निम्म्यांचा धागा तुटला नाही, तरी तो एकच धागा. दहाव्या पिढीत वंशवृक्षावर 1024 जागा असतात. बापाकडून बापाकडे जाणारं आडनाव त्यातल्या एकाच जागेपर्यंत नेतं. ज्या कॉलमवर इंडेक्स, तेवढंच भराभर सापडणार. बायकांचं आडनाव लग्नात बदलायचं, त्यामुळे त्या या इंडेक्समधून गळतातच. 1841 च्या जनगणनेत राबणाऱ्या कितीतरी बायकांच्या नावापुढे कामाची जागाही कोरी आहे.

1754 पासून लग्नाच्या वहीत वर-वधूला स्वतः सही करावी लागे. लिहिता येत नसेल तर फुली. पाद्र्यानं त्या फुलीच्या भोवती नाव आणि आडनाव नीटनेटक्या अक्षरांत लिहिलेलं असतं, त्याला ऐकू आलं तसं. फुली तेवढी तिच्या हातची. काही थरथरत्या आहेत, काही इतक्या दाबून काढलेल्या की तिथं शाईचा डाग पडलाय.