एकट्याची आगोट



मे महिना सरत आला की आपल्या वसईत घराघरांतून एकच चौकशी सुरू होते. मिरच्या वाळल्या का? मसाला कुटून झाला का? बोंबील, जवळा, सोडे भरून ठेवले का? आपण याला आगोट म्हणतो. गोव्यातील ख्रिस्ती बांधव याच बेगमीला ‘पुरुमेंत’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे. पावसाळ्याआधी तेथे या बेगमीची जत्राच भरते. म्हापशाला ईस्टरनंतर साधारण पंधरवड्याने मिलाग्रीस सायबिणीच्या सणाला आणि मडगावला पवित्र आत्म्याच्या चर्चच्या सणाला, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सुमारास. सुके बांगडे, सुंगटे, मिरच्या, चिंच, कोकमाची सोले, कांद्याच्या माळा, माडाचा गूळ, सारे काही तेथे मिळते.

पेंटेकॉस्टचा रविवार नेहमी १० मे ते १३ जून या दिवसांतच येतो. पूर्वी पाऊस लागला की नद्या भरत, वाटा बंद होत, होड्या किनाऱ्याला लागत. आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. म्हणून लोक मिस्सा ऐकत आणि त्याच दिवशी घरची बेगमी करून परतत. भक्ती आणि संसार यांची तेथे फारकत नव्हती.

जत्रेला माणसे घोळक्याने जातात. तरीही प्रत्येक जत्रेत कोणीतरी एकटे आलेले असतेच. सकाळी मिस्सा होते, लोक आपापल्या माणसांना हाका मारीत बाहेर पडतात आणि एखादी आजी पिशवी सावरीत एकटीच दुकानांकडे वळते. विक्रेती विचारते, “किती देऊ?” आजी म्हणते, “पाव किलो पुरे. खाणारी मी एकटीच.” साधेच उत्तर, पण त्यात केवढे दुःख भरलेले असते! दुपारी सावलीला बसून डबा सोडताना शेजारी कोणी नसते. दिवसभर हिंडूनही “हे बघ, किती छान आहे,” असे म्हणायला माणूस नसतो.

अशी माणसे आपल्याही धर्मग्रामात आहेत. कोणाची मुले आखातात, कोणाची कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात. कोणाचा जोडीदार देवाघरी गेला. कोणी लग्न केले नाही. “कोणाबरोबर जाऊ?” असे म्हणत ती आधी जत्रेला जाणे सोडतात, मग लग्नाकार्याला, मग विभागाच्या प्रार्थनासभेला. रविवारी बाकावर त्यांची जागा रिकामी दिसू लागते, तेव्हा आपल्याला आठवण होते. तोवर बराच उशीर झालेला असतो.

प्रभू येशूला हा अनुभव अपरिचित नव्हता. योहानलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात मंडपांच्या सणाची हकीकत आहे. येशूचे भाऊ सणाला निघून गेले. तो त्यांच्याबरोबर गेला नाही. मागाहून, कोणताही गाजावाजा न करता तो येरुशलेमला गेला. गर्दीत त्याच्याविषयी कुजबुज चालली होती. सोबत नाही म्हणून त्याने सण टाळला नाही. उलट, सणाच्या शेवटच्या दिवशी त्याने उभे राहून तहानलेल्यांना आपल्याकडे बोलावले.

त्याच शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातही सणाचेच दिवस आहेत. बेथेस्दा तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेला एक मनुष्य पडून होता. त्याचे गाऱ्हाणे असे, की पाणी हलते तेव्हा त्याला तळ्यात सोडायला कोणीच नाही. अडतीस वर्षांत किती सण आले असतील, किती यात्रेकरू तेथून गेले असतील! येशूने मात्र त्याला पाहिले. त्याने नुसती कीव केली नाही. बरे व्हायची इच्छा आहे का, असे विचारले, त्याला उभे केले आणि पुढे मंदिरात त्याची पुन्हा भेट घेतली.

बंधूभगिनींनो, पेंटेकॉस्टच्या दिवशीही येरुशलेमात सणाची गर्दी होती. देशोदेशीचे लोक आले होते. शिष्य एकत्र जमले होते, पण अग्नीच्या जिभा त्यांच्यातील प्रत्येकावर वेगवेगळ्या येऊन स्थिरावल्या. पवित्र आत्मा मंडळीला मिळतो, तसाच तो एकेकालाही मिळतो. देवाच्या हिशेबात ‘एकटीच’ हा शब्द नाही.

म्हणून जे एकटे आहेत त्यांना माझी विनंती आहे. सोबतीची वाट पाहत घरी बसू नका. वर्षातला एक दिवस तरी सणाला, जत्रेला एकट्याने जा. तो दिवस देवाबरोबर घालवा. मिस्सेत भाग घ्या. मग सावकाश हिंडा, कारण तुम्हाला कोणाची घाई नाही. भर उन्हात सुकी मासळी घेऊन बसलेल्या बाईशी दोन शब्द बोला. तीही बहुधा पहाटेपासून एकटीच बसलेली असते. आणि पाव किलोऐवजी अर्धा किलो घ्या. उरलेले कोणाला द्यायचे हे ठरवूनच घरी या. देणारा हात कधी एकटा राहत नाही.

ज्यांचे घर भरलेले आहे त्यांनाही एक विनंती. या आठवड्यात आगोट भरताना शेजारच्या एकट्या माणसाला विचारा, “आम्ही बाजाराला चाललो आहोत, येता का?” नुसती पुडी पाठवून मोकळे होऊ नका. त्यांना बरोबर न्या, रिक्षात जागा द्या, दुपारी आपल्या पानाला बसवा. पावसाच्या चार महिन्यांत मिठामिरचीवाचून एखादे वेळी चालेल, माणसावाचून चालत नाही.

हे पवित्र आत्म्या, आमच्या घरांच्या बेगमीबरोबर आमची अंतःकरणेही भरून टाक. गर्दीत हरवलेला एकेक चेहरा ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. आमेन.