शिष्याहातीं पराजय

शास्त्रीय सिद्धान्त पिढीगणिक बदलतात, मग त्यांवर भरंवसा तरी किती ठेवावा, असा आक्षेप सुशिक्षितांच्या तोंडूनहि ऐकूं येतो. या आक्षेपास परमाणूचें उदाहरण मोठें सोयीचें आहे. १८०८ सालीं डाल्टननें अविभाज्य परमाणूंवर रसायनशास्त्राची उभारणी केली. १८९७ सालीं जे. जे. टॉमसननें परमाणूहूनहि सूक्ष्म असा इलेक्ट्रॉन दाखवून ती अविभाज्यता संपविली. धन विद्युतेच्या गोळ्यांत इलेक्ट्रॉन रुतलेले आहेत, हें पुढें त्यानेंच काढलेलें चित्रहि टिकलें नाहीं.

तें मोडणारा रदरफोर्ड टॉमसनचाच शिष्य. त्याच्या मँचेस्टरच्या प्रयोगशाळेंत गायगर व मार्सडेन यांनीं १९०९ सालीं धातूच्या पातळ पत्र्यावर आल्फा कण सोडले. बहुतेक आरपार गेले. सुमारें आठ हजारांत एखादा मागें फिरला. त्या एकाकडे प्रयोगांतील चूक म्हणून कानाडोळा करणें किती सोपें होतें! रदरफोर्डनें तो केला नाहीं. १९११ सालीं त्यानें परमाणूचें जवळजवळ सारें वस्तुमान मध्यावरच्या अतिसूक्ष्म केंद्रांत असल्याचें प्रतिपादिलें, आणि गुरूचें चित्र मागें पडलें. दोनच वर्षांनीं बोरनें केंद्राभोंवतीं इलेक्ट्रॉनांच्या ठराविक कक्षा कल्पिल्या. त्याहि पुढें तरंगांच्या सिद्धान्तांत विरघळल्या. गंमत अशी कीं, पित्यानें कण म्हणून पुढें आणलेला इलेक्ट्रॉन तरंगासारखाहि वागतो, हें १९२७ सालीं दाखविणाऱ्यांत टॉमसनचा पुत्र होता.

पुत्राकडून आणि शिष्याकडून पराजय इच्छावा, असें आपले पूर्वज म्हणत. म्हणणें सोपें, पराजयाला वाट मोकळी ठेवणें कठीण. मोरोपंत १७९४ सालीं बारामतीस निवर्तले, तेव्हां डाल्टनचा ग्रंथ निघावयास चौदा वर्षें अवकाश होता. त्या काळच्या पंडितास ठाऊक असलेला परमाणु कणादाच्या परंपरेंतला: नित्य, निरवयव, दोहोंचें द्व्यणुक करणारा. या मतावर शंकराचार्यांनीं कडाडून हल्ला केला होता, म्हणजे प्रतिपक्षाची उणीव नव्हती. उणीव होती ती पत्र्यावर कण सोडून पाहण्याची. कणादाला डाल्टनच्या आधीं बसवून धन्यता मानणारे त्याचा गौरव करीत नाहींत, असें मला वाटतें. त्यानें मत मांडलें तें वादासाठीं, मिरवणुकीसाठीं नव्हे.

मग टाकलेले सिद्धान्त खोटे ठरले काय? इंदापूर तालुक्यांत पळसदेव येथें पळसनाथाचें जुनें देऊळ उजनी धरणाच्या पाण्याखालीं गेलें आहे. पाणी ओसरलें कीं तें पुन्हां दिसतें. डाल्टनच्या परमाणूचें असेंच कांहींसें आहे. बारामती-इंदापूरच्या साखर कारखान्यांत उसाच्या रसांतील साखर फुटून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज बनतात, तेव्हां केंद्र किंवा तरंग आठवण्याचें कारण पडत नाहीं. साखरेच्या ३४२ भारांत कार्बन १४४, हायड्रोजन २२ व ऑक्सिजन १७६. तींत पाण्याचे १८ भार मिळाले कीं दोन्ही शर्करा मिळून ३६०. ही बेरीज डाल्टननें घालून दिलेल्या रीतीचीच आहे.